बर्न पिट रजिस्ट्री: नाव राहू द्यावं, काढावं, की काहीच फरक पडत नाही?

शंकासूर (धागाकर्ता)
अमेरिकेतल्या मराठी घरांमधली मुलं-मुली तिकडच्या लष्करात, नौदलात, नॅशनल गार्डात जातात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. त्यातले इराक, कुवेत, कतार, अफगाणिस्तानात राहून आलेले, आता नोकरीतून बाहेर पडलेले लोक इथे वाचक म्हणून आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हा धागा.

तिकडच्या लष्करी तळांवरचा कचरा उघड्या खड्ड्यात जाळायचे, तेच ‘बर्न पिट’. प्लास्टिक, टायर, बॅटऱ्या, थर्माकोल, दवाखान्याचा कचरा, सगळं एकत्र, वर जेपी-८ हे विमानाचं इंधन ओतून काडी. इराकमधल्या बलाद तळावरचा खड्डा सुमारे दहा एकरांचा होता. या धुराची नोंद ठेवायला व्हीएने (माजी सैनिकांचं खातं) २०१४ मध्ये रजिस्ट्री उघडली. तेव्हा शंभरावर प्रश्नांची प्रश्नावली स्वतः भरावी लागे. १ ऑगस्ट २०२४ पासून पद्धत उलटी केली आहे. संरक्षण खात्याच्या नोंदींवरून ४७ लाखांवर लोकांची नावं आपोआप घातली, आणि ज्याला नको असेल त्याने नाव काढून घ्यायचं.

माझं मत असं की नाव राहू द्यावं. पण बरेच जण म्हणतात, सरकारी यादीत आपणहून कशाला अडकायचं? शिवाय मिळतं काय त्यातून? जाणकारांनी लिहावं.

फाईलबहाद्दर
मिळतं काय? एक डॉलरही नाही. हे आधी स्पष्ट करू, कारण नव्वद टक्के गोंधळ इथेच आहे. मतदार यादीत नाव असणं म्हणजे मत टाकलं असं होत नाही, तसंच हे. रजिस्ट्री म्हणजे क्लेम नाही, उपचारांसाठीचा अर्जही नाही. त्यांचे कागद वेगळे आहेत:

उपचारांसाठी १०-१०ईझेड.
अपंगत्व भरपाईसाठी २१-५२६ईझेड.
भरपाईची तारीख आजच्या आज धरून ठेवायला २१-०९६६, म्हणजे ‘इंटेंट टू फाईल’.

यातला शेवटचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. तो दिला की पूर्ण क्लेम भरायला एक वर्ष मिळतं, आणि मंजुरी झाली की पैसे साधारणपणे त्या तारखेपासून मोजतात. ‘रजिस्ट्रीत नाव आहे, आता पत्र येईल’ म्हणून वाट बघत बसलेल्याचे ते महिने कायमचे गेले. वर्ष उलटलं आणि ५२६ भरला नाही तर इंटेंट मरतो. नवा द्यावा लागतो आणि तारीख पुढे सरकते.

मिसळ_जादा_तर्री
म्हणजे तिकडेही ‘साहेब जेवायला गेलेत’ आहेच. जीव भांड्यात पडला.

रोगशास्त्री
फाईलबहाद्दर यांच्याशी सहमत, पण रजिस्ट्रीला अगदीच निकालात काढू नका. तिचा हेतू संशोधनाचा आहे, आणि तिथे जुन्या आणि नव्या पद्धतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जुन्या यादीत कोण यायचं? ज्याला त्रास होतोय तो. ठणठणीत माणूस एवढे प्रश्न भरत बसत नाही. मग यादीतल्या इतक्या टक्के लोकांना दमा आहे या वाक्याला अर्थ उरत नाही, कारण दमेकरीच यादीत आले. वर धुराचं मोजमाप ‘रोज किती तास धूर दिसायचा?’ अशा आठवणींवर. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी फेरआढावा घेतला तेव्हा हेच दोष दाखवले. असल्या आकड्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

नव्या यादीत तिथे गेलेले सगळेच आहेत, आजारी आणि धडधाकट दोन्ही. आता निदान ‘कुठल्या तळावर, कुठल्या वर्षी’ यावरून गट पाडून तुलना करता येते. म्हणून धडधाकट माणसाने नाव राहू देणं हे आजारी माणसाने राहू देण्याइतकंच कामाचं आहे. निरोगी लोकच बाहेर पडले तर यादी पुन्हा जुन्या वळणावर जाईल.

आणि नाव जरी बर्न पिटचं असलं तरी यादी हवेतल्या सगळ्या घातक गोष्टींची आहे. वाळूची वादळं, १९९१ मध्ये कुवेतच्या सहाशेहून जास्त पेटलेल्या तेलविहिरी, २००३ मध्ये मोसुलजवळ मिश्राकला लागलेली गंधकाची आग. ‘आमच्या तळावर खड्डाच नव्हता’ म्हणून नाव काढणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

खडकवासला
एक सरळ प्रश्न. सेवेत असलेल्याने नाव राहू दिलं तर बढती, क्लिअरन्स, पुढची पोस्टिंग यावर परिणाम?

फाईलबहाद्दर
@खडकवासला, विचार करा, यादीत आहे काय? तुम्ही अमुक काळात अमुक देशात होता, एवढंच. ते सरकारला आधीच माहीत आहे, सरकारनेच पाठवलं होतं! जुन्या प्रश्नावलीत खोकला, धाप, दारू-सिगारेट सगळं स्वतःच्या हाताने लिहावं लागे, तेव्हा ही भीती समजण्यासारखी होती. आता तसं लिहायचंच नाही. आणि नाव काढलं तरी उपचार किंवा भरपाई यावर परिणाम होत नाही, हेही व्हीएने सांगितलेलं आहे.

सडेतोड
मी नाव काढण्याच्या बाजूने आहे, आणि कारण भीती नाही. माझी माहिती कोणत्या संशोधनासाठी वापरायची हे मला विचारून व्हायला हवं. ‘आम्ही घातलं, नको तर तुम्ही काढा’ ही संमती नव्हे. रोगशास्त्रींचा मुद्दा आकडेशास्त्रात बरोबर असेल, म्हणून नीतिशास्त्रात आपोआप बरोबर होत नाही.

रोगशास्त्री
मान्य. मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासात हा वाद जुनाच आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. फक्त काढणाऱ्याने एवढं करावं: यादीतून बाहेर पडा, पण टॉक्सिक एक्स्पोजर स्क्रीनिंग सोडू नका. ती वेगळी गोष्ट आहे आणि ती थेट तुमच्या स्वतःच्या उपयोगाची.

माहेरवाशीण
हे स्क्रीनिंग नक्की काय असतं? रक्त-लघवी तपासतात का?

रोगशास्त्री
नाही, सुई वगैरे काही नाही. पाच-दहा मिनिटांचे प्रश्न. उघड्यावरचा धूर, एजंट ऑरेंज (व्हिएतनाम युद्धात फवारलेलं तणनाशक), किरणोत्सर्ग, कॅम्प लेजून या अमेरिकेतल्या तळावरचं दूषित पाणी, आखाती युद्धातले संपर्क, आणखी काही. व्हीएच्या आरोग्यसेवेत नाव असलेल्या प्रत्येकाला निदान दर पाच वर्षांनी विचारायचं असा नियम आहे, नोव्हेंबर २०२२ पासून. कुणी विचारलं नसेल तर पुढच्या अपॉइंटमेंटला आपण सांगायचं, ‘माझं स्क्रीनिंग झालेलं दिसत नाही, आजच करा.’

फायदा असा की उत्तर तुमच्या वैद्यकीय नोंदीत जातं. दहा वर्षांनी नव्या डॉक्टरला तुमची धाप निव्वळ वजनाची वाटू नये, यासाठी त्याच्या पडद्यावर ती ओळ असणं बरं. आणि उत्तर देताना ‘धूर होता’ एवढ्यावर थांबू नका. तळाचं नाव, महिने, खड्ड्यापासून राहण्याची जागा साधारण किती दूर, कामाचं स्वरूप, हे सांगा. खड्ड्यावर कचरा टाकण्याची ड्यूटी होती की पहाऱ्याची, यात फरक आहे.

फाईलबहाद्दर
आता मुख्य भानगड: पॅक्ट अ‍ॅक्ट. १० ऑगस्ट २०२२ ला सही झाली. ओहायोचे सार्जंट फर्स्ट क्लास हीथ रॉबिन्सन २०२० मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले, त्यांचं नाव कायद्याला दिलं आहे. आधी ‘हा आजार त्या धुरानेच झाला’ हे माजी सैनिकाने सिद्ध करायचं होतं. आता ठरावीक ठिकाण + ठरावीक आजार असेल तर संबंध गृहीत धरतात. दमा, जुनाट सायनसायटिस, जुनाट ऱ्हायनायटिस, सीओपीडी, कन्स्ट्रिक्टिव्ह ब्राँकिओलायटिस, सार्कॉइडोसिस, फुफ्फुसाचा फायब्रोसिस, आणि कॅन्सरची मोठी यादी: मेंदू, मूत्रपिंड, स्वादुपिंड, श्वसनमार्ग, पचनसंस्था, मेलानोमा, लिम्फोमा. जानेवारी २०२५ मध्ये ल्युकेमिया, मल्टिपल मायलोमा, मूत्राशयाचा कॅन्सर वगैरे वाढवले. पूर्वी नाकारलेला क्लेम यात बसत असेल तर २०-०९९५, सप्लिमेंटल क्लेम. कायदा बदलला हे कारण पुरतं.

क्लेम कुठे अडकतात ते लिहितो, कारण सगळे चकचकीत व्हिडिओ हे सोडून बाकी सगळं सांगतात.

पहिलं, निदान नसतं. ‘खोकला येतो, दम लागतो’ ही लक्षणं झाली, निदान नाही. कागदावर डॉक्टरच्या सहीने आजाराचं नाव हवं.

दुसरं, दम्याची मेख. गृहीत धरतात तो सेवा संपल्यानंतर निदान झालेला दमा. सेवेत असतानाच निदान झालं असेल तर वाट वेगळी, थेट सेवेशी संबंध दाखवायचा. ती खरं तर सोपी असते, कारण लष्कराचेच कागद असतात. पण लोक चुकीची चौकट भरतात आणि मग पत्रव्यवहार वाढतो.

तिसरं, डीडी-२१४ वर, म्हणजे सेवामुक्तीच्या दाखल्यावर, देशाचं नावच नसतं. १२-एफ या रकान्यात परदेशी सेवेचे नुसते महिने दिसतात. मग १३ मधली पदकं बघा: साउथवेस्ट एशिया सर्व्हिस मेडल, इराक कॅम्पेन मेडल. १८ मधला शेरा बघा. तिथेही नसेल तर त्या महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. हॉस्टाइल फायर पे (धोक्याच्या जागेचा भत्ता) किंवा युद्धक्षेत्राची करसवलत दिसली की काम होतं. प्रवास भत्त्याचं १३५१-२, हुकूम, पदकाचं मानपत्र, वार्षिक अहवाल, यातलं काहीही चालतं. चूक असेल तर दुरुस्ती डीडी-२१५ ने होते.

चौथं, तपासणीला गैरहजर. सी अँड पी, म्हणजे भरपाईसाठीची वैद्यकीय तपासणी, बहुतेक वेळा कंत्राटी कंपनी घेते, फोन अनोळखी नंबरवरून येतो, माणूस स्पॅम समजून उचलत नाही. झालं! योग्य कारणाशिवाय तपासणीला न गेल्यास हातात आहे त्या कागदांवर निकाल लावतात, आणि तो बहुधा नकारच असतो.

मिसळ_जादा_तर्री
सारांश: क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांचे फोनही उचला. त्यात एखादा आपल्या फुफ्फुसांचा असू शकतो.

सातारी_जवान
आपल्याकडे याला समांतर म्हणजे ‘अ‍ॅट्रिब्युटेबल की अ‍ॅग्रॅव्हेटेड’ची लढाई, म्हणजे आजार सेवेमुळे झाला की सेवेने बळावला. निवृत्तीच्या वेळच्या रिलीज मेडिकल बोर्डात एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवर ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा पडला की डिसॅबिलिटी पेन्शन अडली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच झाला असं गृहीत धरावं, उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. त्या निकालावर पुढे किती प्रकरणं सुटली! २०२३ मध्ये नवे एंटायटलमेंट नियम आले आणि वाद परत तापला. पॅक्ट अ‍ॅक्टमागचा विचार तोच दिसतो, फक्त तिकडे ठिकाण आणि आजार यांची यादीच छापून दिली.

सडेतोड
@सातारी_जवान, यावर खरंच वेगळा धागा काढा. साताऱ्या-कोल्हापूरकडे दर दुसऱ्या घरात तो वाचतील.

सातारी_जवान
काढतो. इथला विषय चालू द्या.

न्यूजर्सीकर
यादीत किंवा कायद्यात कोण बसत नाही तेही लिहा कुणीतरी. कंत्राटदार कंपन्यांकडून तळांवर काम केलेले आपलेही लोक आहेत, स्वयंपाकघरापासून आयटीपर्यंत.

फाईलबहाद्दर
गणवेशात नव्हते ते व्हीएच्या कक्षेत नाहीत. कंत्राटी कामगारांसाठी डिफेन्स बेस अ‍ॅक्ट, म्हणजे कामगार भरपाईचा वेगळा कायदा, मालकाच्या विम्यातून. तिथे अशी ठिकाण-आजारांची छापील यादी नाही, आणि मुदती कडक आहेत. वकील लवकर गाठावा.

गणवेशातल्यांत देश आणि तारखा महत्त्वाच्या. इराक, कुवेत, सौदी, बहरीन, कतार, अमिराती, ओमान, सोमालिया: २ ऑगस्ट १९९० पासून. अफगाणिस्तान, जिबूती, इजिप्त, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, येमेन, उझबेकिस्तान: ११ सप्टेंबर २००१ पासून. व्हिएतनामवाल्यांची एजंट ऑरेंज रजिस्ट्री वेगळी, १९७८ पासूनची, तिला अजून प्रत्यक्ष तपासणी लागते. त्यासाठी व्हीए रुग्णालयातल्या एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ कोऑर्डिनेटरला फोन करायचा. पॅक्ट अ‍ॅक्टने त्यांच्या गृहीत आजारांत उच्च रक्तदाबही घातला आहे, हे पुष्कळांच्या गावीच नाही.

रोगशास्त्री
कन्स्ट्रिक्टिव्ह ब्राँकिओलायटिसबद्दल थोडं, कारण वर नुसतं नाव आलं. यात सर्वात बारीक श्वासनळ्या आतून आवळत जातात. अडचण अशी की फुंकण्याची चाचणी आणि साधा सीटी स्कॅन जवळजवळ नॉर्मल येऊ शकतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेलचे ८० सैनिक तपासले होते. व्यायामाला दम लागतो पण कारण सापडत नाही, असे. त्यातल्या ४९ जणांची फुफ्फुसाची बायॉप्सी केली, ३८ जणांत हा आजार निघाला. बरेचसे मिश्राकच्या गंधकाच्या धुरात होते.

म्हणून ‘पीएफटी (तीच फुंकण्याची चाचणी) नॉर्मल, तुम्हाला काही नाही’ एवढ्यावर पूर्वी दोन मैल पळणाऱ्याने गप्प बसू नये. पण बायॉप्सी म्हणजे भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया. केवळ क्लेमसाठी ती करून घेऊ नका, उपचारांची दिशा बदलणार असेल तरच. आधी डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो याची चाचणी), श्वास आत आणि बाहेर अशा दोन्ही स्थितींतला हाय-रिझोल्यूशन सीटी, व्यायामासह चाचणी. फुफ्फुसतज्ज्ञाला ‘इराकमध्ये होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

माहेरवाशीण
आणि नुसता ऱ्हायनायटिस-सायनस असेल तर? त्याला अपंगत्वाचं रेटिंग शून्य टक्के देतात म्हणे. मग कशाला खटाटोप?

फाईलबहाद्दर
शून्य टक्क्याला हसू नका. शून्य म्हणजे ‘सेवेशी संबंध मान्य, आज पैसे नाहीत’. त्या आजारावर व्हीएचे उपचार मिळतात, आणि पुढे वाढला तर फक्त वाढ मागायची, संबंध पुन्हा सिद्ध करायला नको. ऱ्हायनायटिसला दोन्ही नाकपुड्या निम्म्याहून जास्त किंवा एक पूर्ण बंद असेल तर १० टक्के, पॉलिप (नाकातली मांसल वाढ) असतील तर ३०. दम्याला एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) अपेक्षेच्या ५६ ते ७० टक्के असेल किंवा रोज इनहेलर लागत असेल तर ३०. यातला ‘रोज’ हा शब्द प्रिस्क्रिप्शनवर असायला हवा. ‘गरज पडल्यास’ लिहिलं असेल तर बहुधा १० वर बोळवण.

न्यूजर्सीकर
परतीच्या वेळी भरलेल्या आरोग्य फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ खूण केलेली असते. ते आता आड येतं ना?

फाईलबहाद्दर
डीडी-२७९६. घरी जायच्या घाईत सगळेच ‘नाही’ करतात. ‘हो’ केलं की तपासणीसाठी थांबवतील ही धास्ती. तपासणारे हे ओळखून असतात. तीन ते सहा महिन्यांनी भरलेला डीडी-२९०० काढून बघा, त्यावर बऱ्याचदा खरं लिहिलेलं सापडतं. तेही नसेल तर २१-१०२१० वर सहकाऱ्याचं निवेदन. त्यात विशेषणं नकोत. ‘भयंकर धूर’ याला किंमत नाही. ‘अमुक ते अमुक महिन्यात आम्ही दोघे एकाच तंबूत होतो, खड्डा तंबूच्या पश्चिमेला, संध्याकाळी वारा आमच्याकडे, याला रात्री खोकल्याने जाग यायची’ याला आहे.

आणि मदतीला ‘अमुक टक्के द्या, शंभर टक्के रेटिंग मिळवून देतो’ वाले नकोत. पहिल्या क्लेमसाठी फी घेणं कायद्याला धरून नाही. अमेरिकन लीजन, डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटना, किंवा काउंटीचा सर्व्हिस ऑफिसर हे फुकट करतात.

खडकवासला
जे निवृत्त होऊन पुण्याला आले आहेत त्यांचं काय? इथे तर व्हीएचं रुग्णालय नाही.

फाईलबहाद्दर
त्यांच्यासाठीच तर क्लेम आधी, यादी नंतर. भरपाई भारतात राहूनही चालू राहते. उपचारांचा खर्च व्हीएच्या फॉरेन मेडिकल प्रोग्रॅममधून मिळतो, पण फक्त सेवेशी जोडलेल्या, मान्य झालेल्या आजाराचा. म्हणजे वरचा शून्य टक्केवाला सायनसदेखील इथे कामाला येतो! नोंदणी १०-७९५९एफ-१ ने, बिलं १०-७९५९एफ-२ ने. साधारणपणे आधी रुग्णालयात आपल्या खिशातून भरायचं, मग परतावा. बिलावर आजाराचं नाव आणि प्रत्येक बाबीचा दर वेगळा हवा. आपल्याकडची ‘एकूण पॅकेज रु. ...’ अशी एका ओळीची पावती परत येते. डिस्चार्ज समरी जोडायची. औषध अमेरिकेत मान्यता असलेलं हवं, त्यामुळे चिठ्ठीवर ब्रँडबरोबर मूळ घटकाचं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या.

भारतातून केलेले क्लेम पिट्सबर्गचं कार्यालय बघतं. तपासणी लागली तर इथे सोय करतात, पण वेळ लागतो. तिकडे असतानाच तपासणी उरकून आलेलं उत्तम.

सडेतोड
नाव काढण्याबद्दलचं माझं मत कायम आहे. पण इंटेंट टू फाईलबद्दल वाद नाही, तो सगळ्यांनी आजच द्यावा.

शंकासूर
सगळ्यांचे आभार. एक राहिलं: माणूसच हयात नसेल तर?

फाईलबहाद्दर
पती-पत्नी, अवलंबून असलेली मुलं: २१पी-५३४ईझेड. काही वेळा आईवडीलही, त्यांचा फॉर्म वेगळा: २१पी-५३५. मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण यादीतल्या आजाराशी जुळायला हवं. दाखल्यावर नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडून’ असेल आणि मूळ कॅन्सर कुठेच नसेल तर आधी डॉक्टरांकडून दाखला दुरुस्त करून घ्या, मग अर्ज. मृत्यूनंतर एक वर्षाच्या आत अर्ज गेला तर रक्कम मृत्यूच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून धरतात.